‘एक्झॉर्सिस्ट’च्या पायऱ्या बघायला जाताना : वाचकांचे प्रश्न

विल्यम फ्रीडकिन दिग्दर्शित ‘द एक्झॉर्सिस्ट’ २६ डिसेंबर १९७३ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात तात्पुरत्या राहायला आलेल्या एका नटीच्या मुलीला, रीगनला, काहीतरी झपाटते आणि ते उतरवायला फादर मेरिन व फादर कॅरस हे दोन पाद्री येतात, अशी ही गोष्ट. मुलेबाळे वॉशिंग्टन परिसरात असलेल्या वाचकांकडून त्या घराशेजारच्या, चित्रपटामुळे गाजलेल्या उंच पायऱ्यांबद्दल आणि चित्रीकरणाच्या इतर जागांबद्दल पत्रे येत असतात. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. चित्रपट अजून पाहिला नसेल तर आधी तो बघा. पुढे शेवट सांगून टाकला आहे.

प्रश्न : मुलगी व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला असते. आम्ही दोघे तिच्याकडे जाणार आहोत. ती कामावर गेल्यावर आमचे आम्ही जाऊन येऊ शकू का? किती वेळ लागेल? (पुणे)

सहज जाल. अ‍ॅशबर्न हे मेट्रोच्या सिल्व्हर लाइनचे शेवटचे स्टेशन. तिथून गाडी न बदलता रॉस्लिनला उतरायचे. तासाभराचा प्रवास आहे. जॉर्जटाउनला स्वतःचे मेट्रो स्टेशन नाही आणि नकाशात फॉगी बॉटम जवळ दिसते म्हणून बरेच जण तिथे उतरतात. दुकाने बघत जायचे असेल तर ठीक, पण पायऱ्या जॉर्जटाउनच्या पश्चिम टोकाला आहेत. फॉगी बॉटमहून अर्धा तास तरी चालावे लागते.

रॉस्लिनहून बाहेर पडल्यावर ‘की ब्रिज’कडे चला आणि पुलाच्या डाव्या, म्हणजे नदीच्या वरच्या बाजूच्या फुटपाथने पोटोमॅक ओलांडा. पूल साधारण अर्धा किलोमीटरचा आहे. पलीकडे सिग्नलवर एम स्ट्रीट ओलांडून डावीकडे वळले की उजव्या हाताला लाल विटांची एक अवाढव्य इमारत लागते. ती कार बार्न, १८९५ साली बांधलेली ट्रामची जुनी वखार. तिच्या पश्चिम अंगाला, उंच भिंतींच्या चिंचोळ्या फटीत पायऱ्या आहेत. स्टेशनपासून इथपर्यंत रमतगमत वीस मिनिटे धरा.

तिकिटासाठी स्मारट्रिप कार्ड घ्या किंवा ते फोनमध्ये घाला. आता गेटवर बँकेचे कॉन्टॅक्टलेस कार्डही चालते. माणशी एक कार्ड लागते, एकाच कार्डावर दोघांना आत जाता येत नाही. जुन्या प्रवासवर्णनांत ‘सर्क्युलेटर’ नावाच्या स्वस्त लाल बसची शिफारस असते. ती सेवा २०२४च्या अखेरीस बंद झाली. जून २०२५मध्ये शहरातल्या सगळ्या बसमार्गांची नावेही बदलली, तेव्हा एखाद्या ब्लॉगवरचा बस नंबर घेऊन थांब्यावर उभे राहू नका.

पायऱ्या, घर आणि विद्यापीठ मिळून अडीच-तीन तास पुरतात. नुसत्या पायऱ्या बघून परतणारे पंधरा मिनिटांत परततात आणि मग ‘एवढेच होते?’ म्हणतात. विद्यापीठ वगळू नका.

प्रश्न : फादर कॅरस खिडकीतून उडी मारतो तो थेट पायऱ्यांवर. पण फोटोंमध्ये घर पायऱ्यांपासून चांगलेच लांब दिसते. ते घर दुसरे होते का? (नाशिक)

घर तेच, प्रॉस्पेक्ट स्ट्रीट आणि ३६व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचे. तुमची शंका मात्र रास्त आहे. त्या घराच्या कुठल्याही खिडकीतून कितीही जोर लावून उडी मारली तरी माणूस पायऱ्यांवर पडणार नाही. मध्ये अंगणाची मोकळी जागा आहे.

गोष्टीचा सगळा डोलारा मात्र त्या खिडकीवर उभा. कॅरसच्या आधी, रीगनच्या आईच्या चित्रपटाचा दिग्दर्शक बर्क डेनिंग्ज याच पायऱ्यांच्या तळाशी मान उलटी फिरलेल्या अवस्थेत सापडतो. डिटेक्टिव्ह किंडरमन पायऱ्या आणि खिडकी यांचा मेळ घालतो तेव्हा त्याचा संशय रीगनच्या खोलीपर्यंत पोहोचतो. खिडकी पायऱ्यांच्या माथ्यावर नसेल तर तपासच पुढे सरकत नाही. म्हणून चित्रीकरणासाठी घराच्या पूर्वेला, पायऱ्यांच्या दिशेने, एक खोटा भाग जोडला गेला. बाहेरून घराचाच वाटणारा, आत खोली वगैरे काही नाही. काम झाल्यावर तो काढून टाकला.

हे नीट समजून घ्यायचे तर प्रॉस्पेक्ट स्ट्रीटवर पायऱ्यांच्या अगदी वरच्या टोकाला, नदीकडे तोंड करून उभे राहा. डाव्या हाताला कार बार्नची भिंत, उजव्या हाताला घराचे आवार. आता उजवीकडे बघून घराची भिंत आणि पायऱ्यांचा कठडा यांच्यामधले अंतर नजरेने मोजा. चित्रपटात जे घर दिसते त्याचा सर्वांत महत्त्वाचा तुकडा त्या रिकाम्या जागेत होता. खालून, एम स्ट्रीटवरून बघितले तर हे कळत नाही, कारण तिथून भिंती आणि झाडेच दिसतात. लोक नेमके खालीच उभे राहून खिडकी शोधत बसतात.

पडण्याचा प्रसंग मात्र इथेच, खऱ्या पायऱ्यांवर घेतला. पायऱ्यांवर अर्धा इंच जाडीचे रबर अंथरले होते आणि स्टंट करणारा माणूस दोनदा गडगडत खाली गेला. अर्धा इंच म्हणजे चपलेच्या तळव्याएवढे. बघून झाल्यावर त्या दगडी कडांवरून एकदा हात फिरवा म्हणजे त्याचे मोल कळेल. जॉर्जटाउनच्या विद्यार्थ्यांनी हे चित्रीकरण गच्चीवरून दाखवायचे माणशी पाच-पाच डॉलर घेतले होते, असे सांगतात. पोरे कुठलीही असोत!

प्रश्न : त्या घरात आत जाता येते का? (इंदूर)

नाही. ते खासगी घर आहे, लोक राहतात. फाटक, उंच कुंपण आणि झाडी यांमुळे बाहेरूनही पूर्वीइतके दिसत नाही. सार्वजनिक फुटपाथवरून फोटो काढायला कोणाची हरकत नाही. बेल वाजवणे, फाटकावर चढणे, कुंपणाच्या फटीतून मोबाइल आत घालणे हे प्रकार करू नका. कुठल्या तरी वाड्यापुढे बस थांबवून पन्नास माणसांनी रोज आत डोकवावे, तसे त्या घरच्यांचे पन्नास वर्षे चालले आहे.

आत गेलात तरी ओळखीचे काही दिसणार नाही. जिना, स्वयंपाकघर, रीगनची खोली हे सगळे न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या स्टुडिओत उभारले होते. पात्रांच्या तोंडून वाफा निघतात त्या खऱ्या आहेत. खोलीचा सेट शीतयंत्रे लावून शून्याच्या खाली नेत. चित्रीकरणाच्या दिव्यांनी तो पुन्हा तापे, की काम थांबवून पुन्हा थंड करायचा. रीगनचे काम करणारी लिंडा ब्लेअर या थंडीत पातळ नाइटगाउनमध्ये होती. मध्यंतरी घराच्या सेटला आग लागून बराचसा भाग जळाला, तो परत बांधावा लागला.

प्रश्न : आईचे वय ७२, गुडघे दुखतात. तिला पायऱ्या झेपतील का? (ठाणे)

पायऱ्या ७५ आहेत, सरळ आणि उभ्या. उंची साधारण चार मजल्यांची. मध्ये टप्पे आहेत, तिथे थांबता येते, पण बसायला काही नाही. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो, म्हणून ‘वर गाडीने सोडू, ती हळूहळू उतरेल’ हा बेत करू नका. आईंना टॅक्सीने प्रॉस्पेक्ट स्ट्रीट आणि ३६व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उतरवा. घर, वरून खाली दिसणाऱ्या पायऱ्या आणि विद्यापीठ हे सगळे त्याच पातळीवर आहे. पायऱ्या टाळून पायी एम स्ट्रीटवर यायचे तर ३५व्या रस्त्याने या, पण तोही चांगलाच उतार आहे. परतीची टॅक्सी वरच बोलवलेली बरी.

धडधाकट माणसांनाही दोन सूचना. पाऊस पडून गेल्यावर, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओल्या पानांचा थर असताना, दगड शेवाळल्यासारखे निसरडे होतात. भिंतींमुळे तिथे ऊन कमी पोहोचते, लवकर वाळत नाही. दुसरे म्हणजे कठड्याच्या बाजूने चाला. व्यायामाला येणारे विद्यार्थी इथे धावत चढतात-उतरतात. सेल्फीसाठी मधोमध थबकलेला माणूस आणि वरून धावत येणारा माणूस यांची गाठ पडायला नको.

खाली, एम स्ट्रीटच्या बाजूला, भिंतीवर पाटी आहे. ती ३० ऑक्टोबर २०१५ रोजी लावली. त्या वेळी फ्रीडकिन आणि मूळ कादंबरीचे लेखक विल्यम पीटर ब्लॅटी दोघेही हजर होते. आता दोघेही हयात नाहीत.

प्रश्न : दिव्याखाली बॅग घेऊन उभा असलेला पाद्री, असा पोस्टरसारखा फोटो काढायचा आहे. किती वाजता जावे? ड्रोन चालेल का? (कोल्हापूर)

ड्रोनचे आधी. तो घरीच ठेवा. रेगन नॅशनल विमानतळाभोवती १५ मैलांच्या वर्तुळात परवानगीशिवाय ड्रोन उडवायला बंदी आहे आणि सगळे वॉशिंग्टन शहर त्या वर्तुळात येते. इथे लोक नुसते ओरडत नाहीत, दंड आणि खटल्यापर्यंत जाते.

आता पोस्टर. ते दृश्य पायऱ्यांवरचे नाही, हा पहिला गैरसमज. मेरिन टॅक्सीतून उतरून घरासमोर उभा राहतो ते प्रॉस्पेक्ट स्ट्रीटवर. रेने मॅग्रिट यांची ‘एम्पायर ऑफ लाइट’ ही चित्रमालिका फ्रीडकिनच्या डोळ्यांपुढे होती. वर आकाश उजेडाचे, खाली घर आणि रस्ता रात्रीचा, मध्ये एक दिवा, असे ते चित्र आहे. खिडकीतून येणारा झोत चित्रीकरणाच्या दिव्यांचा आणि धुके यंत्राचे. या दोन्ही गोष्टी तुम्हाला मिळणार नाहीत, तेव्हा हुबेहूब फोटोचा हट्ट सोडा आणि काळोखी आकृती पकडायच्या मागे लागा.

घर रस्त्याच्या दक्षिणेला आहे. म्हणजे तुम्ही उत्तरेकडच्या फुटपाथवरून कॅमेरा रोखलात की दुपारी सूर्य सरळ भिंगात येतो आणि फोटो धुरकट पडतो. सूर्यास्तानंतरची वीस ते तीस मिनिटे साधा, आकाशात निळा उजेड शिल्लक आणि रस्त्यावरचे दिवे लागलेले. ही वेळ ऋतूप्रमाणे फार सरकते. जूनमध्ये सूर्यास्त साडेआठच्या पुढे, डिसेंबरात पाचच्या आत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, त्या आठवड्यात हमखास लोकांची वेळ चुकते. रस्ता अरुंद असल्यामुळे मोबाइलची रुंद लेन्स घराला लहान करते. दोन किंवा तीनपट झूम लावून रस्त्यापलीकडून, माणूस घराच्या बाजूला पाठमोरा उभा करून घ्या. टोपी आणि बॅग आपली आपण न्यायची.

पायऱ्यांचा फोटो खालून वर घ्या. तिथून तुमचे तोंड उत्तरेला असते, सूर्य पाठीशी. भर दुपारी अर्धी भिंत उन्हात आणि अर्धी सावलीत अशी चिरफाड होते. ढगाळ सकाळ उत्तम, कारण माणसेही कमी असतात.

प्रश्न : विद्यापीठात बाहेरच्या माणसाला सोडतात का? तिथे काय बघायचे? (बडोदे)

आवारात जायला सहसा अडचण येत नाही. मुख्य फाटक ३७व्या रस्त्यावर, ओ स्ट्रीटच्या टोकाला. प्रॉस्पेक्टवरून ३६व्या रस्त्याने दोन चौक उत्तरेला, मग डावीकडे. वसतिगृहे आणि वर्ग यांच्या दारांना कार्ड लागते, तिकडे जाऊ नका.

समोर दिसणारी मनोऱ्यांची करडी दगडी इमारत हीली हॉल. रीगनची आई, म्हणजे एलन बर्स्टिनने केलेली क्रिस मॅकनील, नटी म्हणून इथे येते ती विद्यार्थी आंदोलनावरच्या एका चित्रपटात काम करायला, म्हणजे हा चित्रपटातला चित्रपट. त्या गर्दीचे दृश्य हीलीच्या पुढ्यातले आहे. काम आटोपून ती पायी घरी निघते, मागे ‘ट्युब्युलर बेल्स’ची घंटांसारखी धून, वाऱ्याने फडफडणारे नन्सचे झगे, सोंगे घेतलेली मुले. फाटकातून निघून ३६व्या रस्त्याने प्रॉस्पेक्टपर्यंत जाताना तुम्ही त्याच गल्लीबोळांत असता. आम्हाला विचाराल तर पायऱ्यांपेक्षा या पाच मिनिटांच्या चालण्यात चित्रपट जास्त सापडतो. विटांचे फुटपाथ, रस्त्याला लागून असलेली दारे, हे सगळे फारसे बदललेले नाही.

हीलीच्या मागच्या चौकात डालग्रेन चॅपल आहे. मेरीच्या मूर्तीची विटंबना झालेली सापडते तो प्रसंग इथे चित्रित झाला. हे नांदते प्रार्थनास्थळ आहे. दाराशी मिस्साच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनाविधीच्या, वेळा बघा, प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा, आत शिरल्यावर टोपी काढा आणि त्या प्रसंगाची मोठ्याने चर्चा करू नका. देवळाच्या गाभाऱ्यासमोर आपण जसे वागू तसेच.

कॅरसची खोली शोधू नका. चित्रपटाच्या लोकांनी विद्यापीठातल्या एका जेझुइट (कॅथलिकांच्या एका धर्मसंघातल्या) प्राध्यापकाच्या खोलीचे फोटो काढून पुस्तके-पोस्टरांसकट तिची नक्कल न्यूयॉर्कला उभारली होती.

भूक लागली तर ३६व्या रस्त्यावर, प्रॉस्पेक्टच्या कोपऱ्याशी तळघरात ‘द टूम्स’ हे १९६२पासूनचे विद्यार्थ्यांचे खानपानगृह आहे. पायऱ्यांजवळ स्वच्छतागृह नाही, तीही सोय तिथेच बघून घ्या.

प्रश्न : ही सत्यकथा आहे म्हणतात. खरी घटना त्याच घरात घडली का? (नागपूर)

त्या घराचा काही संबंध नाही. १९४९ साली मेरीलँडमधल्या एका किशोरवयीन मुलावर कॅथलिक धर्मगुरूंनी असा विधी केल्याची बातमी त्या वर्षी ऑगस्टमध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये आली होती. ब्लॅटी तेव्हा जॉर्जटाउनमध्ये शिकत होते. त्यांनी ती वाचली आणि १९७१ साली कादंबरी लिहिली. मुलाची मुलगी केली, आई नटी केली, घर आपल्या ओळखीच्या गल्लीत आणले. मूळ विधीचा मोठा भाग मिसुरीतल्या सेंट लुइस शहरात झाला होता. त्यातला काही भाग जिथे झाला ते तिथल्या अलेक्सियन ब्रदर्स रुग्णालयाचे जुने बांधकाम १९७८मध्ये पाडले. मेरीलँडमध्ये माउंट रेनियर गावातला एक भूखंड ‘हीच ती जागा’ म्हणून वर्षानुवर्षे दाखवला जातो, पण ते कुटुंब राहत होते शेजारच्या कॉटेज सिटीत. तेव्हा त्या भूखंडासाठी टॅक्सीचे भाडे खर्च करू नका. मुलाला झाले होते काय, यावर धर्मगुरूंचे एक म्हणणे आणि डॉक्टरांचे दुसरे, आणि ते वादळ वॉशिंग्टनच्या सहलीत मिटणारे नाही.

प्रश्न : सुरुवातीचे वाळवंटातले उत्खनन कुठले? तिकडे जाता येईल का? (दुबई)

ते सेटवरचे नाही. पडद्यावर ‘उत्तर इराक’ एवढेच येते. जागा आहे हत्रा, मोसुलच्या नैर्ऋत्येला सुमारे १०० किलोमीटरवर. पार्थियन या प्राचीन इराणी साम्राज्याच्या काळातले, इसवी सनाच्या पहिल्या शतकांत भरभराटीला आलेले हे तटबंदीचे शहर १९८५पासून जागतिक वारसा यादीत आहे. अमेरिका आणि इराक यांचे तेव्हा राजनैतिक संबंध नव्हते. परवानगी मिळाली ती स्थानिक लोकांना चित्रपटतंत्र, खोटे रक्त करायची कृतीसुद्धा, शिकवायच्या अटीवर. पारा ५४ अंशांवर जाई, म्हणून काम पहाटे आणि संध्याकाळी उशिरा करत.

२०१४ ते २०१७ हत्रा ‘आयसिस’च्या ताब्यात होते. त्यांनी शिल्पे फोडली, भिंतींवरचे मुखवटे छिन्नीने उडवले. त्यानंतर काही दुरुस्ती झाली आणि २०२२पासून पर्यटक पुन्हा जाऊ लागले. दुबईहून विमान जवळ वाटेल, पण आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचल्याशिवाय आणि तिथल्या माहीतगार संस्थेची गाडी, वाटाड्या ठरल्याशिवाय निघू नये. वाटेत तपासणी नाकी आहेत. एकट्याने टॅक्सी करून जायची ही जागा नव्हे.

उत्खननाच्या जागी मेरिनसमोर पुतळ्याच्या रूपात उभा राहतो तो पझुझू हा दैत्य बघायचा असेल तर पॅरिसचे लूव्र संग्रहालय सोपे. तिथली त्याची कांस्यमूर्ती जेमतेम १५ सेंटिमीटरची आहे, चित्रपटातला पुतळा आठवून गेलात तर शोधावी लागेल. मेसोपोटेमियात ही मूर्ती बाळंतिणीला आणि बाळाला लमाश्तू या राक्षशिणीपासून राखायला घरात ठेवत. म्हणजे बिचारा होता राखणदार. चित्रपटाने त्याला भलत्याच कामाला लावले.

प्रश्न : न्यूयॉर्कलाही जाणार आहोत. तिथे काही बघण्यासारखे? (सोलापूर)

फार नाही. ध्वनिफीत ऐकून भाषा ओळखायचा प्रसंग ब्राँक्समधल्या फोर्डम विद्यापीठाच्या कीटिंग हॉलच्या तळघरातला आहे, पण तिथे पाहुण्याला मोकळीक नाही. इमारत बाहेरून देखणी आहे. मुद्दाम वाट वाकडी करून जाण्याएवढी नाही.

प्रश्न : हॅलोविनच्या रात्रीच पायऱ्यांवर जायचे मुलांच्या मनात आहे. (बेळगाव)

जाऊ द्या, पण गाडीने नको. एम स्ट्रीट त्या रात्री तुंबतो. पाठीमागच्या गल्ल्यांत रहिवाशांचे स्टिकर नसलेल्या गाडीला दोन तासांपलीकडे थांबता येत नाही, आणि वर्दळीच्या वेळात एम स्ट्रीटच्या कडेला लावलेली गाडी सरळ उचलून नेतात. रॉस्लिनहून पायी या. पायऱ्यांवर सोंगे घेतलेल्यांची रांग लागलेली असते. ज्यांना त्या रिकाम्या बघायच्या असतील त्यांनी ३१ ऑक्टोबर सोडून कुठल्याही आडवारी सकाळी आठला जावे. आणि मुलांना सांगा, रात्री तिथे किंचाळायचे नाही. कठड्यापलीकडे लोकांचे झोपायचे घर आहे.